पहिल्या बूटची सर्व्हिस: कधी चालतच नाही, कधी रोज चालते

नवी इमेज (संपूर्ण लिनक्स प्रणालीची तयार प्रत) टाकलेलं कार्ड बोर्डात घातलं, वीज दिली, यंत्र उठलं, लॉगिनही आलं. पण होस्टनेम (यंत्राचं नाव) अजून मूळचंच, ‘बिल्डरूट’. डेटाचं पार्टिशन कार्डाच्या टोकापर्यंत वाढलेलंच नाही. एसएसएचच्या किल्ल्या नाहीत, त्यामुळे बाहेरून आत शिरता येत नाही. लॉग उघडावा तर एकही लाल ओळ नाही. म्हणजे पहिल्या बूटला जी सर्व्हिस एकदाच चालायला हवी होती ती चाललीच नाही, आणि न चालल्याची तक्रारही कुणी केली नाही.

दुसरा प्रकार याच्या उलट. सर्व्हिस चालते, पण प्रत्येक बूटला. रोज नव्या किल्ल्या, रोज नवा ओळख क्रमांक. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट: दहातल्या नऊ यंत्रांवर नीट चालते, दहाव्यावर अर्धी.

आम्ही द्राक्षबागांसाठी हवामानाची नोंद ठेवणारी छोटी यंत्रं बनवतो. पानांवरचा ओलावा, तापमान, पाऊस. इमेज बिल्डरूटने (लिनक्स इमेज बनवणारं साधन) बनवलेली, आत सिस्टिमडी (यंत्र उठताना सगळ्या सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम), बोर्डावर बॅटरीवरचं घड्याळ नाही. यंत्र बागेत गेलं की तिथे कीबोर्डही नसतो आणि स्क्रीनही नसते. पहिलं बूट शेतकऱ्याच्या समोर, वायरमनच्या हातून होतं. तेव्हाच ते बिघडलं, तर त्या हंगामातला डाउनी (केवडा) रोगाचा इशारा त्या बागेला मिळत नाही. म्हणून हे तिन्ही प्रकार मी मुळापर्यंत खणले. जे सापडलं ते इथे लिहितोय, कारण हाच त्रास स्वतःची इमेज बनवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी होतो.

पहिलं बूट ठरतं कशावरून

सिस्टिमडीला कार्ड नवं आहे की जुनं हे कळत नाही. ते फक्त एक फाइल बघतं: इटीसी डिरेक्टरीतली मशीन-आयडी. या फाइलमध्ये यंत्राचा ३२ हेक्स अक्षरांचा ओळख क्रमांक असतो. फाइल मुळात नसेल तर पहिलं बूट. फाइलमध्ये ‘अनइनिशिअलाइज्ड’ एवढा एकच शब्द असेल (अर्थात इंग्रजी अक्षरांत, सगळी लहान), तरी पहिलं बूट. पूर्ण क्रमांक असेल तर पहिलं बूट नाही.

आणि फाइल आहे पण रिकामी आहे, शून्य बाइटची? इथेच पाणी मुरतं. रिकामी फाइल म्हणजे पहिलं बूट नाही. सिस्टिमडी नवा क्रमांक तयार करतं, त्या फाइलवर माउंट करतं (वरून जोडतं), इटीसीवर लिहिता येत असेल तर नंतर डिस्कवरही उतरवतं. पण पहिल्या बूटलाच सर्व्हिस चालू देणारी ‘कंडिशन-फर्स्ट-बूट’ ही अट मात्र खोटीच ठरते.

आता बिल्डरूट काय करतं? सिस्टिमडी बसवताना ते शून्य बाइटची मशीन-आयडी फाइल करून ठेवतं. योक्टो या तशाच दुसऱ्या साधनाची सिस्टिमडीची रेसिपीही तेच करते. त्यामागे कारण आहे. रूट (मुख्य पार्टिशन) फक्त वाचण्यापुरतं माउंट केलं असेल आणि ही फाइलच नसेल, तर सिस्टिमडी बूट करायला साफ नकार देतं. रिकामी फाइल ठेवली की दोन्ही प्रकारच्या इमेज उठतात. निर्णय योग्यच आहे, फक्त त्याचा परिणाम असा की तुम्ही युनिट फाइलमध्ये (सर्व्हिस कशी, कधी चालवायची हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) ‘कंडिशन-फर्स्ट-बूट’ला ‘यस’ लिहून निर्धास्त झालात, तर ती सर्व्हिस तुमच्या इमेजवर आयुष्यात एकदाही चालणार नाही.

रूटवर लिहिता येत असेल तर इलाज सोपा. बिल्डरूटच्या पोस्ट-बिल्ड स्क्रिप्टमध्ये, पॅकेजं आणि ओव्हरले (आपण वरून घातलेल्या फाइली) टाकून झाल्यावर, त्या फाइलमध्ये तो एक शब्द लिहा. पॅकेजच्या पायरीवर फाइल खोडत बसू नका. पुढच्या बिल्डला ती परत उगवते आणि तुम्ही दुसरीकडेच शोधत राहता.

वगळली की पडली, आधी एवढं बघा

सर्व्हिस न चालणं आणि चालून पडणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. अट पूर्ण झाली नाही म्हणून सिस्टिमडीने सर्व्हिस वगळली, तर ते त्याच्या लेखी अपयश नसतं. ‘फेल्ड’ युनिटांच्या यादीत ती दिसणार नाही. सिस्टिमसीटीएल या कमांडने सर्व्हिसचा स्टेटस काढा. तिथे कंडिशनची वेगळी ओळ असते, आणि कोणती अट आडवी आली हेही तीच ओळ सांगते. आमच्याकडे अर्धा दिवस स्क्रिप्टमध्ये प्रिंट टाकण्यात गेला होता. स्क्रिप्ट सुरूच होत नव्हती.

हाताने चालवून बघण्याचाही एक चकवा आहे. पहिलं बूट असल्याची खूण रन डिरेक्टरीत, सिस्टिमडीच्या फोल्डरमध्ये ठेवलेली असते, आणि बूट पूर्ण होताच सिस्टिमडी ती काढून टाकतं. त्यामुळे लॉगिन करून ‘सिस्टिमसीटीएल स्टार्ट’ दिलंत, तर खऱ्याखुऱ्या पहिल्या बूटवरही सर्व्हिस वगळली जाते. वर कमांड शून्य परत करते, म्हणजे सगळं नीट झाल्यासारखं दिसतं. खात्री करायची असेल तर कर्नल कमांड लाइनवर (बूट होताना कर्नलला द्यायच्या पर्यायांत) ‘सिस्टिमडी डॉट कंडिशन-फर्स्ट-बूट’ला ‘यस’ देऊन पुन्हा बूट करा. हा पर्याय मशीन-आयडीच्या फाइलवरही मात करतो. चाचणी झाली की तो काढायला विसरू नका.

सर्व्हिस वगळलीही नाही आणि पडलीही नाही, तिचं नावच लॉगमध्ये नाही, असं असेल तर ती बहुधा एनेबलच झालेली नाही, म्हणजे बूटला आपोआप सुरू होईल अशी जोडलेलीच नाही. ओव्हरलेमध्ये युनिट फाइल टाकली, पण तिच्यात ‘इन्स्टॉल’ हा भाग लिहिला नाही, असं सर्रास होतं. बिल्डच्या शेवटी युनिटं एनेबल करणारं ‘प्रीसेट-ऑल’ चालतं, पण ज्या युनिटला इन्स्टॉलचा भाग नाही त्याची लिंक ते कुठे जोडणार?

रोज पहिलं बूट

‘अट वापरायचीच नाही, आपणच खुणेची फाइल ठेवू’ असं ठरवून बरेच जण व्हार-लिबमध्ये ‘झालं’ अशा अर्थाची रिकामी फाइल करतात आणि ती नसेल तरच सर्व्हिस चालवतात. कल्पना चांगली आहे आणि मीही शेवटी तिथेच आलो. पण खूण ठेवलीय ती जागा कशावर उभी आहे हे आधी बघा. फाइंडमाउंट चालवा. फक्त वाचण्याच्या रूटवर बिल्डरूट सिस्टिमडीसोबत व्हार डिरेक्टरी सहसा टीएमपीएफएसवर (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेवर) उभी करतं. योक्टोमध्ये व्होलाटाइल-बाइंड्स हे पॅकेज व्हार-लिबच्या बाबतीत तेच करतं. वीज गेली की खूण पुसली, आणि उद्या परत पहिलं बूट.

अशा इमेजवर मशीन-आयडीत ‘अनइनिशिअलाइज्ड’ लिहिलंत, तर ते कधीच पुसलं जात नाही. लिहायला जागाच नाही ना. मग प्रत्येक बूट पहिलं. फाइल रिकामी ठेवली, तर प्रत्येक बूटला नवा क्रमांक. आणि लॉग कुठल्याही टिकाऊ पार्टिशनवर ठेवलेत तरी जर्नलची (सिस्टिमडीच्या लॉगची) डिरेक्टरी या क्रमांकाच्या नावाने बनते. ‘जर्नलसीटीएल लिस्ट-बूट्स’ला एकच बूट दिसतं, आणि मागचे लॉग गेले कुठे म्हणून आपण कार्डाला दोष देतो. लॉग असतात, दुसऱ्या क्रमांकाच्या डिरेक्टरीत असतात. ‘मर्ज’चा पर्याय देऊन बघा, सगळे येतात. कायमचा उपाय म्हणजे बूटलोडरकडूनच ‘सिस्टिमडी डॉट मशीन-आयडी’ कर्नल कमांड लाइनवर देणं. आम्ही यू-बूट या बूटलोडरमध्ये बोर्डाच्या सिरीयल नंबरवरून तो क्रमांक बनवतो.

आता एक असा किस्सा, जो मला सगळ्यात उशिरा कळला. आमचं डेटाचं पार्टिशन वेगळं आहे, त्यावर लिहिता येतं, खूण तिथेच. तरी काही यंत्रांवर सर्व्हिस कधीकधी पुन्हा चालायची. एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्या यादीत) त्या पार्टिशनला ‘नोफेल’ लावलेलं होतं, कार्ड खराब असलं तरी यंत्र निदान उठावं म्हणून. पण नोफेल लावलं की ‘लोकल-एफएस’ हे टार्गेट (बूटमधला एक टप्पा) त्या माउंटसाठी थांबत नाही. सर्व्हिस आधी धावायची, माउंट मागून यायचं. सर्व्हिस ‘डेटा’ नावाच्या रिकाम्या डिरेक्टरीत खूण लिहायची, म्हणजे प्रत्यक्षात रूट पार्टिशनवर. मग त्याच डिरेक्टरीवर डेटाचं पार्टिशन माउंट व्हायचं आणि खूण त्याखाली झाकली जायची. पुढच्या बूटला माउंट आधी आलं तर खूण दिसायची नाही, मागून आलं तर दिसायची. म्हणून तर मोजक्याच यंत्रांवर, आणि तेही कधीकधी.

हे बघायचं असेल तर रूटला दुसऱ्या एखाद्या डिरेक्टरीवर बाइंड माउंट करा आणि तिथून डेटाच्या डिरेक्टरीत डोकवा. माझ्या बोर्डावर तिथे खुणेची फाइल होती, शेजारी यंत्राची ओळख पटवणारं सर्टिफिकेट, शेजारी किल्ल्या. उपाय एका ओळीचा: युनिट फाइलमध्ये ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ लिहून डेटाचा पाथ द्या. अटी युनिटची पाळी आल्यावर तपासल्या जातात, त्यामुळे माउंट झाल्यावरच खूण शोधली जाते.

वीज मध्येच गेली तर

बागेत असं होतं: वायरमन स्विच टाकतो. आठ-दहा सेकंद दिवा लागत नाही, कारण पहिल्या बूटला पार्टिशन वाढतंय. तो स्विच बंद करून वायर दाबतो आणि परत टाकतो. यात त्याची काहीच चूक नाही. दिवा न लागलेल्या यंत्राला कुणीही असंच करेल. पहिलं बूट मध्येच तुटणार हे आम्ही आता धरूनच चालतो.

सिस्टिमडीने याचा विचार २०२० च्या २४७ आवृत्तीत केला. तेव्हापासून ‘फर्स्ट-बूट-कम्प्लीट’ नावाचं टार्गेट आहे. तुमची सर्व्हिस त्याच्या ‘बिफोर’ लावली आणि ‘वॉन्ट्स’मध्येही त्याचं नाव दिलं, की ती संपेपर्यंत खरा मशीन-आयडी डिस्कवर उतरत नाही. तोवर वीज गेली तर पुढचं बूटही पहिलंच धरलं जातं. ‘वॉन्ट्स’ विसरलात तर टार्गेट ओढलंच जात नाही आणि नुसत्या ‘बिफोर’ला काही अर्थ उरत नाही.

पण नीट वाचा: सर्व्हिस संपेपर्यंत, यशस्वी होईपर्यंत नव्हे. स्क्रिप्ट पडली तरी ती ‘संपली’च. टार्गेट पुढे जातं, क्रमांक उतरतो, आणि पहिलं बूट हुकलं ते हुकलंच. वीज गेल्याचं संरक्षण इथे आहे, चूक झाल्याचं नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की किल्ल्या आणि पार्टिशनसारख्या कामांसाठी ‘कंडिशन-फर्स्ट-बूट’वर विसंबू नये. टाइमझोनसारख्या, चुकलं तरी चालेल अशा गोष्टींसाठी ते ठीक आहे. बाकीच्यांसाठी स्वतःची खूण, टिकाऊ पार्टिशनवर, आणि सगळं यशस्वी झाल्यावर शेवटी लिहिलेली.

आणि तीही लिहायची कशी, यात आमचे दोन आठवडे गेले. बागेतून परत आलेल्या एका कार्डावर खूण होती, सर्टिफिकेटची फाइलही होती, पण तिचा आकार शून्य. स्क्रिप्टमध्ये क्रम बरोबर होता: आधी सर्टिफिकेट, मग खूण. तरी नाव शिल्लक आणि मजकूर गायब. ईएक्सटी-४ या फाइल सिस्टिममध्ये फाइलचं नाव तिच्या स्वतःच्या जर्नलमार्फत (लॉगचं जर्नल वेगळं) साधारण ५ सेकंदांत डिस्कवर जातं. मजकुराला मात्र जागा उशिरा दिली जाते आणि कर्नलच्या ठरीव सेटिंगप्रमाणे तो ३० सेकंदांपर्यंत मेमरीतच राहू शकतो. या मधल्या वेळात वीज गेली की नाव राहतं, मजकूर जातो. खुणेची फाइल रिकामीच असल्यामुळे तिला काही गमवायचं नव्हतं, ती वाचली. आमची स्क्रिप्ट पुढच्या बूटला ‘फाइल आहे का’ एवढंच विचारत होती. होती की.

आता प्रत्येक फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहितो, तिच्यावर एफसिंक करतो (मजकूर लगेच डिस्कवर उतरवायला लावतो), मग खऱ्या नावाने रिनेम करतो, मग डिरेक्टरीवर एफसिंक. सगळी कामं झाली की संपूर्ण सिंक, आणि त्यानंतर खूण. शिवाय प्रत्येक पायरी स्वतःचा निकाल स्वतः तपासते: सर्टिफिकेट वाचता येतंय का, किल्लीतून सार्वजनिक किल्ली काढता येते का. पार्टिशन वाढवण्याचं काम सिस्टिमडी-रीपार्टला दिलं, कारण ते पार्टिशन वाढवतं किंवा नवं जोडतं, असलेलं पुसत नाही, आणि पुन्हा चालवलं तरी काही बिघडत नाही.

स्वतःचीच वाट पाहणारी सर्व्हिस

हा प्रकार ओळखायला सोपा आहे. सिरीयल कन्सोलवर ‘स्टार्ट जॉब चालू आहे’ अशी ओळ फिरत राहते आणि पुढे ‘मर्यादा नाही’ असं लिहिलेलं असतं. वनशॉट (एकदा चालून संपणाऱ्या) प्रकारच्या सर्व्हिसला सुरू होण्याची कालमर्यादा नसते. बाकीच्यांना ९० सेकंदांची असते, यांना नाही.

आमच्या स्क्रिप्टच्या शेवटी नोंद ठेवणाऱ्या मुख्य सर्व्हिसला रीस्टार्ट करणारी एक ओळ होती. मुख्य सर्व्हिसच्या युनिटमध्ये ‘आफ्टर’ म्हणून पहिल्या बूटच्या सर्व्हिसचं नाव होतं. म्हणजे सिस्टिमसीटीएल थांबलंय मुख्य सर्व्हिससाठी, मुख्य सर्व्हिस थांबलीय पहिल्या बूटसाठी, आणि पहिलं बूट थांबलंय सिस्टिमसीटीएलसाठी. टेबलावर हे कधी दिसलं नाही, कारण टेबलावर आम्ही स्क्रिप्ट हाताने चालवायचो. दुसऱ्या लॉगिनवरून ‘सिस्टिमसीटीएल लिस्ट-जॉब्ज’ द्या: एकच जॉब ‘रनिंग’ आणि त्याच्या मागे सगळी रांग ‘वेटिंग’ दिसली, तर हेच आहे. ती ओळ काढून टाका, कारण क्रम लावलेलाच आहे. काढता येत नसेल तर ‘नो-ब्लॉक’ जोडा. आणि वनशॉटला ‘टाइमआउट-स्टार्ट-सेक’ स्वतः द्या.

कन्सोलवर एखादी कळ दाबायला सांगणारा संदेश येऊन यंत्र थांबलं असेल तर ती तुमची सर्व्हिसच नाही. सिस्टिमडी-फर्स्टबूट लोकॅल, टाइमझोन आणि रूटचा पासवर्ड विचारायला थांबलंय. हे मशीन-आयडीत तो शब्द लिहिल्यावर अचानक उगवतं. ती उत्तरं इमेजमध्येच भरून ठेवा, किंवा कर्नल कमांड लाइनवर ‘सिस्टिमडी डॉट फर्स्टबूट’ला ‘नो’ द्या.

घड्याळ आणि नक्कल केलेली कार्डं

बॅटरीवरचं घड्याळ नसलेल्या बोर्डावर सिस्टिमडी वेळ १९७० वर ठेवत नाही, स्वतःच्या आवृत्तीच्या आसपासच्या तारखेवर आणून ठेवतं. पहिल्या बूटच्या स्क्रिप्टने त्याच घटकेला ३६५ दिवसांचं सर्टिफिकेट बनवलं आणि तुमची सिस्टिमडी दोन वर्षं जुनी असली, तर ते सर्टिफिकेट जन्मतःच मुदत संपलेलं असतं. नेटवर्क नक्की असेल तर सिस्टिमडी-टाइम-वेट-सिंक एनेबल करून ‘टाइम-सिंक’ टार्गेटनंतर सर्टिफिकेट बनवा. बागेत नेटवर्कची खात्री नसते, म्हणून आम्ही ते काम वेगळ्या सर्व्हिसमध्ये काढलं. वेळ जुळली की ती चालते, तोवर नोंदी चालूच राहतात.

कर्नल ५.४ च्या आधीचा असेल तर किल्ल्या बनवताना पुरेशी एन्ट्रॉपी (किल्ल्यांना लागणारी यादृच्छिकता) नाही म्हणून बूट मिनिटभर अडकू शकतं. कर्नल बदला, दुसरं काही करू नका.

आणि एकदा बूट केलेल्या कार्डाची नक्कल करून बाकीची कार्डं कधीही बनवू नका. एका बागेत आमच्या दोन यंत्रांनी राउटरकडून एकच आयपी घेतला होता. दोघांचा मशीन-आयडी एक, आणि सिस्टिमडी-नेटवर्कडी डीएचसीपीला (आयपी वाटणाऱ्या व्यवस्थेला) द्यायची ओळख त्यावरूनच बनवतं. घाईत कुणीतरी चाचणीच्या कार्डाची प्रत काढली होती. होस्टच्या किल्ल्याही अर्थातच त्याच.

सध्या आमच्याकडे प्रत्येक नवी इमेज बाहेर पडण्याआधी रात्रभर रिलेवर (वीज आपोआप चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) टांगलेली असते. दुसरा एक बोर्ड कार्ड कोरं करून त्यावर इमेज टाकतो, वीज देतो, एका सेकंदाने तोडतो, परत देतो आणि शेवटी सगळ्या फाइल वाचून बघतो. पुढच्या फेरीत दोन सेकंदांनी, मग तीन, असं चाळीसपर्यंत. सिरीयल कन्सोलचा सगळा मजकूर कर्नलच्या घड्याळासकट लिहून ठेवलेला असतो, कारण त्या वेळी जर्नलवर भरवसा ठेवता येत नाही. सकाळी आल्यावर मी आधी सातव्या आणि अकराव्या सेकंदाच्या फाइली उघडतो. आमच्या इमेजवर पार्टिशन आणि किल्ल्यांचं काम साधारण तिथे चालू असतं.